एक बटण बंद पडले म्हणून लॅपटॉप टाकू नका

आपल्या वस्त्यांमध्ये लॅपटॉप आला तो उशिरा. २०२० साली टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग घरातल्या पडद्यावर भरू लागले, तेव्हा कित्येक आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन, कुणी हप्त्याने तर कुणी उसनवारीने, मुलांसाठी लॅपटॉप घेतला. बहुतेकांनी घेतला तोही जुना, कुठल्यातरी कंपनीच्या कचेरीतून निघालेला. त्या लॅपटॉपवर आज घरातली सगळी कामे चालतात. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर भरला जातो, जातपडताळणीची कागदपत्रे त्यावर चढवली जातात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्यावर होतो आणि रात्री धाकटी भावंडे त्यावर चित्रेही पाहतात.

अशा घरात एके दिवशी कीबोर्डचे एक बटण चालेनासे होते. मग मुलगा ते जोरजोराने दाबतो, आई म्हणते, "तूच काहीतरी केलं असशील," आणि वडील शेजाऱ्याला विचारतात. शेजारी सांगतो, "आता नवीनच घ्या, याच्यात काही राम राहिला नाही." दोन-चार महिने लॅपटॉप कपाटावर धूळ खात पडतो आणि शेवटी भंगारवाल्याकडे जातो. आम्ही अभ्यासिकेच्या कामानिमित्त घरोघर जातो तेव्हा असे पडून राहिलेले लॅपटॉप आम्हाला हमखास दिसतात. त्यातल्या पुष्कळांचा दोष केवळ कीबोर्डचा असतो आणि तो हजार-दोन हजारांच्या आत, कधी कधी तर फुकटातही दूर होण्यासारखा असतो. म्हणून या खेपेस हाच विषय घेतला आहे. वाचकांनी हे पान कापून जपून ठेवावे, कधीतरी उपयोगी पडेल.

बटणाखाली काय असते?

आमच्या पिढीतल्या कारकुनांनी टाइपरायटर पाहिला आहे. त्यात बटण दाबले की दांडा उठायचा आणि फितीवर आपटायचा. दांडे एकमेकांत अडकले तर बोटाने सोडवायचे, पुढे काम सुरू. बिघाड डोळ्यांना दिसत असे. शोल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या यंत्रावरून रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली टाइपरायटर बाजारात आणला. त्यावरची अक्षरांची मांडणी थोड्याफार फरकाने आजच्या लॅपटॉपवरही तशीच आहे. बटणाखालचे काम मात्र पार बदलले.

लॅपटॉपच्या प्रत्येक बटणाखाली कात्रीसारखे दुमडणारे प्लास्टिकचे दोन नाजूक पाय असतात. त्यांच्या मधोमध रबराची एक छोटी टोपी असते. त्याखाली पातळ प्लास्टिकचे पापुद्रे असून त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात. बटण दाबले की टोपी खाली बसते, वरच्या पापुद्र्यावरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि संगणकाला कळते की अमुक बटण दाबले गेले.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची सगळी परीक्षा तिच्यावर आहे. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. शाळेत आपण आडवी ओळ आणि उभा रकाना घेऊन तक्ता भरतो, तशी ही रचना आहे. समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या रेघा असतील, तर केवळ २४ रेघांवर १२८ बटणांचा हिशोब ठेवता येतो. या सगळ्या रेघा शेवटी एका चपट्या पट्टीत एकत्र येतात आणि ती पट्टी लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरच्या खाचेत बसवलेली असते. कारागीर तिला रिबन म्हणतात.

आधी आजार ओळखा

वरची रचना लक्षात आली की आजार ओळखणे अवघड राहत नाही.

एकच बटण चालत नसेल, किंवा जोर दिल्यावरच चालत असेल, तर बहुधा त्याच्या खाली कचरा गेला आहे, टोपी सरकली आहे किंवा कात्रीचा पाय मोडला आहे. एकाच वेळी चार-सहा बटणे बंद पडली आणि ती शेजारी शेजारी नसली तरी, त्या बटणांची आडवी किंवा उभी रेघ तुटली असण्याचा संभव जास्त. हे बहुतेक वेळा पाणी किंवा चहा सांडल्यानंतर होते. अशा वेळी वरून कितीही साफ केले तरी उपयोग होत नाही, कीबोर्ड बदलावा लागतो. सगळाच कीबोर्ड एकाएकी मुका झाला, तर रिबन खाचेतून सैल झाली असेल किंवा संगणकाच्या आतल्या व्यवस्थेचा घोटाळा असेल. आणि हात न लावता एकच अक्षर ओळीने उमटत राहिले, तर ते बटण खाली चिकटून बसले आहे किंवा पापुद्र्यात ओल गेली आहे.

म्हणून पहिले काम हे की, नोटपॅड उघडून एकेका ओळीतले प्रत्येक बटण दाबून पाहावे आणि जे चालत नाही ते कागदावर लिहून काढावे. पाच मिनिटांचे काम आहे. डॉक्टरकडे जाताना आपण ताप किती दिवस आहे हे सांगतो, तसा हा कागद पुढे कारागिराला दाखवता येतो. माहिती घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला फसवणे सोपे नसते.

दोष बटणाचा की सेटिंगचा?

कित्येकदा कीबोर्ड ठणठणीत असतो आणि दोष संगणकातल्या एखाद्या सेटिंगचा असतो. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर खालील गोष्टी क्रमाने कराव्यात. यांना एक पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, लॅपटॉप 'रिस्टार्ट' करावा. 'शट डाऊन' आणि 'रिस्टार्ट' यांत फरक आहे. 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर नुसते 'शट डाऊन' केल्याने जुनी स्थिती पूर्णपणे पुसली जात नाही, 'रिस्टार्ट'ने पुसली जाते.

दुसरी गोष्ट, उजवीकडचे 'शिफ्ट' बटण ८ सेकंद दाबून धरले गेले की 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू करायची का, असे संगणक विचारतो. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी ती केली आहे. ती चालू राहिली की पटकन दाबलेली बटणे संगणक मोजतच नाही आणि आपल्याला वाटते कीबोर्ड मेला. 'शिफ्ट' ५ वेळा ओळीने दाबले की 'स्टिकी कीज' पुढे येते. लहान मुलांनी खेळता खेळता या गोष्टी चालू केलेल्या असतात. 'सेटिंग्ज'मध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' आणि त्यात 'कीबोर्ड' या ठिकाणी जाऊन त्या बंद कराव्यात.

तिसरी गोष्ट, एका अक्षराऐवजी दुसरेच उमटत असेल तर भाषा तपासावी. विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि 'स्पेस' एकत्र दाबले की भाषा बदलते. ई-मेलच्या पत्त्यातले 'अॅट'चे चिन्ह दाबल्यावर दुहेरी अवतरण येत असेल, तर इंग्रजीची मांडणी अमेरिकनऐवजी ब्रिटिश झाली आहे असे समजावे. काही लहान जुन्या लॅपटॉपवर 'नम लॉक' चालू झाले की उजव्या हाताच्या काही अक्षरांच्या जागी आकडे येतात. तेथे 'नम लॉक' बंद करणे एवढाच उपाय.

चौथी गोष्ट, 'स्टार्ट'वर माउसचे उजवे बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा, 'कीबोर्ड्स'खाली आपला कीबोर्ड दिसेल, त्यावर उजवे बटण दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करावे आणि लॅपटॉप रिस्टार्ट करावा. विंडोज आपण होऊन त्याची पुन्हा नोंद करते.

एवढे करूनही फरक पडला नाही तर शेवटची परीक्षा. लॅपटॉप चालू होताना, विंडोज येण्याआधी, 'बायॉस' नावाचे निळे-काळे पान उघडता येते. कंपनीप्रमाणे त्यासाठी एफ-२, एफ-१०, 'डिलीट' किंवा 'एस्केप' ही बटणे असतात. त्या पानापर्यंत विंडोजचा संबंध येत नाही. तेथेही तीच बटणे मुकी असतील तर दोष वस्तूचा आहे. तेथे चालतात आणि विंडोजमध्ये चालत नाहीत, तर दोष सेटिंगचा आहे. मग पैसे देऊन कीबोर्ड बदलण्यात अर्थ नाही.

अर्ज अडला असेल तर

अर्जाची शेवटची तारीख आज आहे आणि बटण बंद, अशी वेळ येते. पासवर्डमध्येच ते अक्षर असेल तर लॅपटॉप उघडतही नाही. घाबरू नये. पासवर्ड मागणाऱ्या पानावर उजव्या कोपऱ्यात खाली माणसाच्या आकृतीसारखे एक चिन्ह असते. त्यावर माउस दाबला की 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' मिळतो. पडद्यावर कीबोर्डचे चित्र येते आणि माउसने अक्षरे दाबता येतात. काम हळू होते, पण अडत नाही. लॅपटॉप उघडलेला असेल आणि बटणे चालत असतील तर विंडोज, 'कंट्रोल' आणि 'ओ' ही तीन बटणे एकत्र दाबूनही तो येतो.

दुसरा उपाय म्हणजे बाहेरून तारेने जोडायचा यूएसबी कीबोर्ड. साधा कीबोर्ड काही शे रुपयांत येतो. तो लावल्याबरोबर चालतो, वेगळे काही भरावे लागत नाही. आमचे तर म्हणणे आहे की प्रत्येक अभ्यासिकेत, वसतिगृहात आणि महिला मंडळात असा एक कीबोर्ड कायम ठेवावा. तो कामही चालवतो आणि परीक्षाही करतो. बाहेरचा कीबोर्ड व्यवस्थित चालत असेल, तर संगणकाचे बाकीचे अंग बहुधा शाबूत आहे आणि दोष आतल्या कीबोर्डपुरता किंवा त्याच्या रिबनपुरता आहे.

एकच बटण गेले असेल तर आणखी एक फुकटची युक्ती आहे. मायक्रोसॉफ्टचे 'पॉवर टॉइज' नावाचे मोफत साधन मिळते. त्यातल्या 'कीबोर्ड मॅनेजर'मध्ये गेलेल्या बटणाचे काम दुसऱ्या, फारसे न लागणाऱ्या बटणाकडे सोपवता येते. 'कॅप्स लॉक' हे त्याला सोयीचे.

एक बटण आणि सगळी जोडाक्षरे

"एका बटणाने काय एवढे अडते?" असे म्हणणाऱ्यांसाठी आमच्या वस्तीतले एक उदाहरण देतो. एक मुलगी लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करीत होती. या पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो हे वाचकांना ठाऊक असेलच. तिने मराठी धरली होती आणि ती इनस्क्रिप्ट मांडणीवर सराव करीत असे. ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय भाषांसाठी ठरवून दिली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. या मांडणीत इंग्रजी 'डी'च्या बटणावर पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे हलन्त आहे. तिचे नेमके हेच बटण गेले.

हलन्त गेला की मराठीतले जोडाक्षरच गेले. 'शिष्यवृत्ती' लिहायला जावे तर पडद्यावर 'शिषयवृतती' उमटे. 'राज्य'चे 'राजय' होई. तिने सराव थांबवला नाही, पण हात त्या बटणावर जोराने आपटायची सवय लागली आणि वेग घसरू लागला. एका दुकानदाराने लॅपटॉप उघडून न बघताच सांगितले, "मदरबोर्ड गेला आहे, आठ हजार लागतील." तिच्या आईची धुण्याभांड्याची दोन महिन्यांची कमाई तेवढी नव्हती. आई म्हणाली, "बाई, राहू दे ती परीक्षा. पुढच्या वर्षी बघू."

ती अभ्यासिकेत आली तेव्हा आम्ही तिला बाहेरचा कीबोर्ड लावून दिला. जोडाक्षरे लगेच उमटली. तेव्हाच कळले की मदरबोर्डचे कारण खरे नसावे. दुसऱ्या कारागिराने लॅपटॉप तिच्यासमोर उघडला, कीबोर्ड बदलला आणि मजुरीसह चौदाशे रुपये घेतले. "काका, मला वाटलं होतं माझाच हात चुकतोय," असे ती म्हणाली तेव्हा आम्हाला गलबलून आले. वस्तू बिघडते आणि आपली मुले दोष स्वतःला देतात. आपल्या घरांत हे फार होते. मुलांना हे सांगितले पाहिजे की यंत्र तपासण्याआधी स्वतःला कमी समजू नका.

बाहेरचा कीबोर्ड ती आजही सरावाला वापरते. तिचे तेही बरोबर आहे. परीक्षा केंद्रावर सहसा मोठे संगणक असतात आणि त्यांच्या कीबोर्डची बटणे लॅपटॉपपेक्षा उंच असतात. हाताला त्याची सवय असलेली बरी.

चहा सांडला तर

आपल्याकडे एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप असते. चहा सांडणारच, त्यासाठी मुलांना मारू नका. पहिल्या मिनिटाला काय करायचे ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

चार्जरची वायर आधी भिंतीतून काढावी. बंद करायचे बटण लॅपटॉप पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरावे. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढावी. लॅपटॉप उघडून तंबूसारखा उलटा, कीबोर्ड खाली येईल असा सुती फडक्यावर ठेवावा. किमान दोन दिवस चालू करू नये. केस वाळवायचे गरम यंत्र फिरवू नये, त्याने प्लास्टिक वाकते आणि ओल आणखी आत जाते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा काही उपयोग नाही, तांदळाची भुकटी मात्र आत जाते. साध्या पाण्यापेक्षा आपला दुधा-साखरेचा चहा जास्त वाईट, कारण पाणी उडून जाते आणि साखर चिकटून बसते. चहा जास्त सांडला असेल तर वाळल्यावरही चालू करण्याआधी कारागिराकडून आतून साफ करून घ्यावा.

साफसफाई

एकच बटण अडकत असेल तर घरी साफ करता येते. लॅपटॉप बंद करून, वायर काढून, तिरका धरून हलकेच थोपटावा. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश बटणांच्या फटीतून फिरवावा. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीची वाफ आत जाते. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर अगदी थोडे घेऊन बटणाच्या कडेने पुसावे. हाताला लावायचे सॅनिटायझर वापरू नये, त्यात त्वचेसाठी ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि ते आत चिकट राहतात.

बटणाची टोपी काढायची झाल्यास आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. चाकू किंवा लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घालू नये. प्लास्टिकची पातळ पट्टी एका कोपऱ्याखाली घालून हळूच उचलावे. खालची कात्री नखाएवढी नाजूक असते. 'स्पेस', 'एंटर' आणि 'शिफ्ट' या लांब बटणांखाली तारेची कडी असते, ती पुन्हा बसवणे कटकटीचे. ती बटणे शक्यतो काढूच नयेत.

आणि एक इशारा. कीबोर्डचा मधला भाग किंवा खालचा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. हे आगीचे काम आहे. बटणे दाबून तो फुगवटा खाली बसवू नये, चार्जिंगला लावू नये, टोकदार वस्तूने टोचू नये. लॅपटॉप बंद करून मुलांपासून दूर ठेवावा आणि लवकरात लवकर जाणकार कारागिराकडे न्यावा.

कीबोर्ड बदलायचा झाला तर

लॅपटॉपचे दोन प्रकार असतात. जुन्या, जाड लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरून निघतो. तळाचे दोन-चार स्क्रू काढायचे, वरच्या खाचा सोडवायच्या, कीबोर्ड उचलायचा, रिबन काढायची आणि नवा बसवायचा. काही लॅपटॉपच्या तळाशी त्या स्क्रूंजवळ कीबोर्डचे छोटे चित्रही छापलेले असते. आयटीआय किंवा पदविका करणाऱ्या मुलाला हे काम तासाभरात जमते. नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला आतून प्लास्टिकच्या टाक्यांनी वितळवून चिकटवलेला असतो. तेथे बॅटरी, बोर्ड, पंखा सगळे काढून मग कीबोर्डपर्यंत पोचावे लागते. कित्येकदा वरचे अख्खे कव्हरच बदलावे लागते. म्हणून खर्च वाढतो आणि हे काम सरावाच्या हातानेच करावे.

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बऱ्याच लॅपटॉपच्या दुरुस्तीच्या पुस्तिका मोफत मिळतात. लॅपटॉपच्या तळाशी असलेला पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि तीच पुस्तिका वाचावी. नुसते कंपनीचे नाव सांगून कीबोर्ड मागवू नये. एकाच नावाच्या दोन मॉडेलांत रिबनची लांबी, स्क्रूच्या जागा आणि 'एंटर'चा आकार वेगळा असू शकतो. बटणांमागे दिवा असेल तर त्याची दुसरी लहान रिबन असते, तीही जुळली पाहिजे.

काम करताना चार पथ्ये पाळावीत. वायर आणि बॅटरीची जोडणी सुटल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावायचा. स्क्रू ज्या जागेचे त्याच जागेच्या नावाने कागदावर चिकटवून ठेवायचे, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवला तर तो बोर्डात घुसतो. आणि रिबन कधीही ओढायची नाही. तिच्या खाचेवर एक बारीक पट्टी कुलूप म्हणून असते. काहींची वर उचलते, काहींची पुढे सरकते. ती आधी सोडवायची, मग रिबन आपोआप सुटते. नवी रिबन सरळ, पूर्ण आत घालून पट्टी पुन्हा लावायची. पुष्कळदा नवा कीबोर्ड 'खराब निघाला' असे वाटते ते रिबन तिरकी बसल्यामुळे. सगळे स्क्रू लावण्याआधी एकदा चालू करून प्रत्येक बटण तपासावे.

दुकानात जाताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडसारखा बाजार आहे, जिल्ह्याच्या गावीही आता दुरुस्तीची दुकाने आहेत. बहुतेक कारागीर कष्टाने पोट भरणारे आहेत, त्यांच्याशी संशयाने वागू नये. पण व्यवहार चोख ठेवावा. लॅपटॉप देण्याआधी कामाचे कागद पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. बँकेच्या आणि ई-मेलच्या खात्यांतून बाहेर पडावे. बिघाड काय आणि खर्च किती, हे उघडून पाहिल्यावर लेखी घ्यावे. पावतीवर लॅपटॉपचा मॉडेल आणि अनुक्रमांक असावा. बसवलेल्या कीबोर्डची हमी किती महिन्यांची ते लिहून घ्यावे. बदललेला जुना कीबोर्ड परत मागावा, म्हणजे तो खरेच बदलला याची खात्री पटते. लॅपटॉप नवा असेल तर आधी कंपनीची वॉरंटी पाहावी. सांडलेल्या पाण्या-चहाने झालेले नुकसान त्यात सहसा धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क

हा प्रश्न केवळ आपल्या वस्तीचा नाही. अॅपल कंपनीने २०१५ मध्ये लॅपटॉपसाठी फुलपाखरी म्हणवला जाणारा अतिशय पातळ कीबोर्ड आणला. धुळीच्या कणानेही बटणे अडतात अशा तक्रारी झाल्या. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीस तिने पुन्हा कात्रीच्या पायांचा कीबोर्ड आणायला सुरुवात केली आणि अमेरिकेतील ग्राहकांनी भरलेल्या दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलर देऊन समझोता करण्याचे मान्य केले. लाखभर रुपयांच्या लॅपटॉपचीही ही कथा. तेथल्या ग्राहकांनी दोष स्वतःच्या बोटांना दिला नाही, एकत्र येऊन जाब विचारला.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना त्याची दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण लिहिणे दुकानदाराला बंधनकारक झाले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पावती मात्र हवी. म्हणून पावतीचा आग्रह धरावा.

आणि खरोखरच निकामी झालेला लॅपटॉप किंवा कीबोर्ड घंटागाडीत टाकू नये, जाळू तर मुळीच नये. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत, नोंदणी असलेल्या संकलन केंद्रातच तो द्यावा. भंगार फोडून त्यातली तार जाळणारी मुलेही आपल्याच वस्त्यांतली असतात, त्यांच्या छातीत जाणारा धूर आपण वाचवू शकतो.

शेवटी एक सूचना. प्रत्येक मंडळाने वर्षातून एक रविवार 'लॅपटॉप तपासणी'साठी ठेवावा. वस्तीतली आयटीआय आणि अभियांत्रिकीची मुले-मुली, एक यूएसबी कीबोर्ड, मऊ ब्रश, चांगल्या स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच आणि अल्कोहोलची एक बाटली, एवढ्या सामग्रीवर हे काम होते. कपाटावर पडलेले लॅपटॉप खाली उतरवा आणि तपासा. जे चालू होतील ते ज्यांच्याकडे नाहीत त्या विद्यार्थ्यांना द्या. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होण्याआधी हा रविवार ठेवला तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होईल.